बोल फुटण्यापूर्वी आणि नंतर

मूल बोलायला शिकते ते कोणाकडून आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न जितका पंडितांचा तितकाच एकेकाळी राजेलोकांच्याही कुतूहलाचा होता. बोलणे हे ऐकण्यातून येते, ज्याच्या कानी मनुष्यवाणी पडली नाही त्याला वाचाच फुटणार नाही, असे अकबर बादशहाचे म्हणणे होते. आणि ते न मानणाऱ्यांची खातरजमा व्हावी म्हणून त्याने काही तान्ह्या मुलांना वस्तीपासून दूर एका इमारतीत ठेवले, त्यांच्या दिमतीला दाया नेमल्या, खाण्यापिण्याची चोख तजवीज केली आणि त्या मुलांशी चकार शब्द बोलायचा नाही असा दायांना सक्त हुकूम दिला, असा दाखला अबुल फजलच्या अकबरनाम्यात आहे. काही वर्षांनी बादशहा जातीने पाहणीस गेला तेव्हा मुलांच्या तोंडून मुक्यांच्या हुंकारापलीकडे काही निघाले नाही. लोकांनी त्या वास्तूचे नाव गुंग महल असे पाडले.

प्रयोग निर्दय होता यात शंका नाही. परंतु त्या मुलांना अन्न, वस्त्र, निगा यांपैकी कशाचीच ददात नसून केवळ आपल्या आवाजाला जबाब देणारे माणूस तेवढे नव्हते, ही गोष्ट आजच्या आईबापांनीही ध्यानी धरण्याजोगी आहे. कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालभाषेचे जे शास्त्र उभे राहिले त्याचा पुष्कळसा वाद याच जागेभोवती घुटमळत राहिला. १९५७ साली स्किनर यांनी भाषा ही अनुकरण आणि शाबासकी यांच्या योगाने अंगवळणी पडणारी सवय होय असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, १९५९ साली चॉम्स्की यांनी त्या ग्रंथाच्या परीक्षणात त्याची जी झडती घेतली ती पुढे मूळ ग्रंथाहूनही अधिक गाजली, आणि व्याकरण ग्रहण करण्याची शक्ती मूल जन्मतःच घेऊन येते या पक्षाला बळ आले. वाद अद्यापि मिटलेला नाही. पण घरात दीड-दोन वर्षांचे लेकरू असलेल्या माणसाला त्याच्या निकालापर्यंत थांबण्याची सवड नसते, आणि सुदैवाने घरात काय करावे याविषयी दोन्ही पक्षांच्या संशोधनातून निघणारा बोध पुष्कळसा एकच आहे.

पहिली गोष्ट अशी की, तोंड उघडण्याच्या किती तरी आधी कानाचे काम सुरू झालेले असते. जन्मून तीन दिवसही न झालेली अर्भके परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणीची लय बदलतात, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवून दिले. त्यापूर्वीच १९७१ साली आयमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक ते चार महिन्यांच्या बाळांना ‘ब’ आणि ‘प’ यांतला भेद कळतो असे आढळले होते. मराठी वाचकाला विशेष रस वाटावा असा प्रयोग मात्र १९८४ सालचा, कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा आहे. हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हा भेद, जो आपल्याही बाराखडीत आहे आणि जो प्रौढ इंग्रजी भाषकाच्या कानाला सहसा पकडता येत नाही, तो इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना बिनचूक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र ही शक्ती बहुतांशी मावळलेली दिसली, आणि हिंदी घरांत वाढणाऱ्या त्याच वयाच्या मुलांची ती शाबूत राहिलेली होती. म्हणजे पाळण्यात पडल्या पडल्या मूल आपल्या घराच्या भाषेसाठी कान तयार करीत असते. आणि त्याला काय कळते म्हणून त्याच्याशी मुक्याने वागणारी, निमूटपणे लंगोट बदलून निमूटपणे दूध पाजणारी माणसे ऐन तयारीचे वर्ष फुकट दवडतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तीच आहे. केवळ कानावर भाषा पडून भागत नाही. सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्यापुढे चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत, पुस्तक दाखवीत बोलली त्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखू येऊ लागले, आणि ज्यांना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले त्यांच्या पदरात काहीही पडले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गोल्डस्टाइन, किंग आणि वेस्ट यांच्या प्रयोगात असे दिसले की, बाळाने हुंकार दिल्याबरोबर आईने हसून, जवळ येऊन, स्पर्श करून प्रतिसाद दिला तर त्याच बैठकीत बाळाचे बडबडणे अधिक स्पष्ट, अधिक अक्षरमय होते. तेवढाच प्रतिसाद बाळाच्या आवाजाशी मेळ न राखता अवेळी दिला तर तसे होत नाही. माया तितकीच, वेळ चुकलेली.

शब्दसंख्येचा जो बराच गाजावाजा झाला त्याचाही येथे परामर्श घेतला पाहिजे. हार्ट आणि रिस्ली यांनी कॅन्सस येथील ४२ कुटुंबांत दर महिन्याला तासभर बसून मुलांच्या कानी पडणारे बोलणे टिपले आणि १९९५ साली असा हिशेब मांडला की, सुखवस्तू घरातील आणि गरीब घरातील मूल यांच्या कानांवर पडलेल्या शब्दांत चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटींचे अंतर पडते. हा आकडा सभा-संमेलनांतून इतका फिरला की गरिबाच्या घरात भाषाच नसते असे लोक बोलू लागले. २०१८ साली स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी निरनिराळ्या वस्त्यांतील नोंदी तपासून, मुलांच्या आसपास इतर माणसे आपसात जे बोलतात तेही जमेस धरले, आणि तसे अंतर त्यांना सर्वत्र आढळले नाही. त्याच वर्षी रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांची पाहणी करून दाखवले की, मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याच्या किती फेऱ्या झाल्या, याचा मेंदूतील भाषाकेंद्राच्या चलनवलनाशी अधिक निकटचा संबंध आहे. मोजायचेच तर शब्द न मोजता सवालजबाब मोजावेत, असे मी म्हणेन. ज्या खोलीत आई, बाप, आजी, मोलकरीण आणि वृत्तवाहिनी असे पाचजण अखंड बोलत आहेत आणि मुलाच्या ‘अं?’ला कोणी वळूनही पाहत नाही, ती खोली भाषेने समृद्ध आहे असे समजण्याचे कारण नाही.

हे सवालजबाब घरात कोठे घडतात ते जवळून पाहावे. चौदा महिन्यांचे मूल न्हाणीत पाटावर बसले आहे. आजीने तांब्या उचलला. मुलाने बादलीकडे बोट केले आणि ‘पा’ म्हटले. येथे दोन मार्ग फुटतात. एक असा: ‘पा नाही, पाणी म्हण. म्हण ना, पा-णी. काल म्हणत होतास ना?’ मूल आजीकडे पाहते, तोंड मिटते, आणि तेवढ्यात डोक्यावर पाणी पडून रडे सुरू होते. दुसरा असा: ‘पाणी! पाणी हवं होय रे सोन्या? हे घे पाणी. ऊन ऊन पाणी. आता पायावर घालू?’ आणि यानंतर आजी क्षणभर थांबते. त्या थांबण्यात मूल पाय हलवते, किंवा पुन्हा ‘पा’ म्हणते, किंवा नुसतेच हसते, आणि तिन्ही परींनी त्याचा जबाब नोंदला जातो. दुसऱ्या आजीने ‘पाणी’ हा शब्द चार वेळा, निरनिराळ्या वाक्यांत, मुलाचे लक्ष जेथे होते तेथेच उच्चारला, आणि एकदाही त्याची परीक्षा घेतली नाही. मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवून वस्तूचे नाव सांगण्यापेक्षा त्याचे लक्ष ज्या वस्तूवर आहे तिचेच नाव सांगितले तर ते अधिक टिकते, असे टोमासेलो आणि फरार यांनी १९८६ सालीच नमूद केले आहे. आपल्याकडे पाहुणे आले की मुलाला उभे करून ‘मामाला नाक दाखव, कान दाखव, माकड कसं करतं ते करून दाखव’ अशी जी तोंडी परीक्षा घेतली जाते, तिने मामाची करमणूक होते. मुलाच्या भाषेत भर पडत असेल असे मला वाटत नाही.

मुलाशी बोबडे बोलावे की न बोलावे, हा घरोघरीचा तंटा आहे. सुशिक्षित बाप बहुधा विरुद्ध पक्षात असतो. त्याच्या मते ‘भूभू’, ‘माऊ’, ‘मंमं’, ‘बाऊ’, ‘भूर’ या शब्दांनी मूल कायमचे बोबडे राहते. या तंट्यात भाषाशास्त्राने साक्ष दिली आहे ती आज्यांच्या बाजूने. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलीचा जो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला त्यात अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या पंक्तीला मराठी होती. आणि त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहून तिला शास्त्रीय अभ्यासाचा मान मिळवून दिला. सोपे, द्विरुक्त, ओठांवर चटकन येणारे असे हे शब्द समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांसाठी राखून ठेवले आहेत, आणि मूल ते शिकते तसेच यथाकाल टाकूनही देते. फरक करायचा तो दोन गोष्टींत. उंच, लांबवलेल्या, हेलदार स्वरात नीट शब्द उच्चारणे, आणि अधूनमधून ‘भूभू’ म्हणणे, हे उपकारक आहे. अशा स्वराकडे बाळाचे लक्ष अधिक वेधते हे ॲन फर्नाल्ड यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले आहे. उलट मुलाने ‘काका’ला ‘ताता’ म्हटले की घरातील सर्वांनी कौतुकाने ‘ताता आले, ताता आले’ असे सुरू करावे, यात मुलाला योग्य नमुना मिळण्याची वाटच बंद होते.

चिऊ-काऊची गोष्टही या दृष्टीने एकदा पाहण्यासारखी आहे. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात येऊन पुन्हा पुन्हा तेच मागणे मागतो आणि चिमणी दर खेपेस नवी सबब सांगते: बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, तीट लावायची आहे, झोपवायचे आहे. वाक्याचा सांगाडा तोच राहतो, त्यातले एकच क्रियापद बदलते, आणि ती सारी क्रियापदे ऐकणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या दिनक्रमातील असतात. एकच आशय थोडाथोडा बदलून लागोपाठ सांगण्याची ही रीत जगभरच्या आयांच्या बोलण्यात आढळते, आणि बालभाषेच्या अभ्यासकांनी तिला अलीकडे मोठे महत्त्व दिले आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस सांगणाऱ्याने ‘थांब, माझ्या बाळाला…’ एवढे म्हणून गप्प बसावे. दोन वर्षांचे मूल पुढचा शब्द घालते. चित्रांचे पुस्तक वाचतानाही हीच युक्ती लागू पडते. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांना एवढेच शिकवले की वाचून दाखवणे कमी करा, ‘हा काय करतोय?’ असे विचारा, मूल जे म्हणेल त्यात दोन शब्दांची भर घालून परत म्हणा; महिन्याभरात त्या मुलांची भाषा, तितक्याच वेळा पण नेहमीच्या रीतीने पुस्तक वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल चुका करू लागते, आणि त्या चुका पाहून घाबरण्याऐवजी खूष व्हावे अशा असतात. ‘गेला’ऐवजी ‘जाला’ आणि ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाने ते शब्द कोणाकडून ऐकलेले नसतात. ‘बस’चे ‘बसला’ आणि ‘पड’चे ‘पडला’ होते हा नियम त्याने स्वतः शोधून काढून सर्वत्र लागू केलेला असतो. अनुकरणवाद्यांविरुद्ध याहून सबळ पुरावा नाही. दिवसभर आई-आजीच्या सहवासात असलेला मुलगा ‘मी येते’, ‘मी जेवते’ म्हणतो आणि त्यावर घरात हशा पिकतो. तोही असाच प्रामाणिक अंदाज असून यथावकाश आपोआप दुरुस्त होतो. त्याला हसून लाजवू नये, आणि ‘चूक!’ असेही म्हणू नये. ‘बाबा जाला’ असे त्याने म्हटले की ‘हो, बाबा गेला. ऑफिसला गेला’ एवढे म्हणावे. ‘र’ आणि जोडाक्षरे यांची घाई तर मुळीच नको. ‘र’चा ‘ल’ चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंतही चालतो.

पडद्याविषयी थोडक्यात सांगून मोकळे व्हावे असे वाटते, कारण त्यावर उपदेश उदंड झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक नको, अशी शिफारस केली. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत तो पूर्ण वर्ज्य सांगते. सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळी आहे: मुलाने न पाहिलेला, नुसता मागे चालू असलेला दूरदर्शन संचसुद्धा मोठ्यांचे तोंड बंद करतो. ख्रिस्ताकिस यांच्या २००९ सालच्या पाहणीत संचाच्या प्रत्येक तासामागे मोठ्यांच्या बोलण्यातील सुमारे ७७० शब्द घटलेले आढळले. भ्रमणध्वनीवर नातवंडांना भेटणाऱ्या आजी-आजोबांना मात्र या निर्बंधातून सूट आहे, आणि ती केवळ मुरवतीपोटी नाही. रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की, दोन-अडीच वर्षांची मुले चित्रफितीतून जे शब्द शिकत नाहीत ते समोरच्या माणसाने पडद्यावरून का होईना, त्यांना प्रत्यक्ष जबाब देत शिकवले तर शिकतात. न्यू जर्सीतील नातीशी पुण्याहून रोज बोलणाऱ्या आजोबांनी म्हणून आपणच बोलत सुटू नये. चमचा, बाहुली, खिडकीबाहेरचा बर्फ, नात जे दाखवील त्यावर बोलावे.

भाषा कोणती, हा प्रश्न आता शहरांतून आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतूनही ऐरणीवर आला आहे. दोन भाषांत वाढल्याने मूल उशिरा बोलते ही समजूत निराधार आहे. दोन्ही भाषांतील शब्दांची बेरीज केली तर असे मूल एकभाषी मुलाच्या बरोबरीने असते, आणि एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हे गोंधळाचे लक्षण नव्हे. तक्रार करायची ती निराळ्या गोष्टीची. ‘काऊ बघ, काऊ ग्रास खातोय’, ‘हँड वॉश कर, मग ॲपल देते’ अशी जी बोली बालवाडीच्या प्रवेशाच्या धास्तीने पसरली आहे तीत इंग्रजीच्या वाट्याला केवळ नामे येतात आणि मराठीच्या वाट्याला प्रत्यय. आणि इंग्रजीत ज्यांना रागावता येत नाही, लाडावता येत नाही, गोष्ट रंगवता येत नाही, अशी माणसे मुलाशी उसन्या शेदीडशे शब्दांत व्यवहार करू लागतात. ज्या भाषेत माणूस श्रीमंत आहे त्या भाषेत त्याने मुलाशी बोलावे, एवढा साधा कायदा येथे पुरेसा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या आणि पुढे पाड्यावरचे मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेण्याची कल्पना त्यांनी व अनुताई वाघांनी राबवली, तेव्हा तिच्या मुळाशी मुलाच्या घरापासून आरंभ करण्याची हीच दृष्टी होती. वारली, कोरकू, गोंडी, भिल्ली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तिचा अंमल आजही अपुरा आहे.

आता उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी. साधारण वर्षाच्या आतबाहेर पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जुळणी, तीन वर्षांपर्यंत परक्या माणसालाही बरेचसे कळेल असे बोलणे, ही ढोबळ मुदत आहे. तीत मागेपुढे होणारी आणि पुढे बरोबरी गाठणारी मुले पुष्कळ असतात. परंतु कोणते मूल बरोबरी गाठील हे घरच्यांना सांगता येत नाही. वर्ष झाले तरी बडबड नाही, बोट दाखवणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जुळणी नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर ‘ह्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ या दाखल्यांवर विसंबू नये. वेखंड उगाळून जिभेला चोळल्याने वाचा येत नाही. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये, त्यातून विषबाधेचा गंभीर आजार संभवतो. जीभ खाली जुळलेली असल्यास अंगावर पिण्यात आणि क्वचित उच्चारांत अडचण येते. मूल मुळीच न बोलण्याचे ते कारण नसते.

प्रथम तपासावेत ते कान. दर हजारी साधारण एक ते तीन मुले कायमच्या श्रवणदोषासह जन्मतात, आणि घरोघरी त्यांची जी परीक्षा होते ती मुलाच्या पाठीमागे ताट वाजवण्याची. मूल दचकले की सारे निश्चिंत. पण ताटाचा आवाज मोठा असतो, त्याची कंपने जमिनीतून आणि हवेतून अंगाला लागतात, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या काकांकडे आई पाहत असते हेही मूल पाहत असते. ज्याला ‘स’, ‘श’, ‘फ’ मुळीच ऐकू येत नाहीत असे मूलही त्या परीक्षेत उत्तीर्ण होते. ओएई आणि बेरा या चाचण्या झोपलेल्या तान्ह्या मुलावरही करता येतात. महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा दंडक सर्वत्र मान्य आहे. कोलोरॅडोत योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली दाखवले की, ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला त्यांची भाषा, उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस राहिली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करतात, आणि श्रवणदोष व भाषेचा विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. तपासणीस जाताना मूल घरी जे शब्द बोलते त्यांची यादी, अर्धवट उच्चारांसह, लिहून न्यावी, आणि ते घरात खेळत असतानाची दोन-चार मिनिटांची चित्रफीत सोबत ठेवावी. कारण अनोळखी खोलीत, अनोळखी माणसापुढे, दोन वर्षांचे मूल बहुधा तोंडच उघडत नाही.